बंद गळ्याच्या बाटल्या

वेंकोबामामा बाटलीचं माप घ्यायला लागले की आधी तिला श्वास सोडायला सांगतात.

"हां, सरळ उभी राहा. खांदे सैल. पोट आत ओढू नको, सुम्ने, उगाच मागाहून बटण तुटतं," असं म्हणत ते तिच्या गळ्याभोवती टेप फिरवतात, दोन बोटं आत सरकवून सैल-घट्ट बघतात आणि मान तिरपी करून क्षणभर तिच्याकडे पाहत राहतात. बाटली सगळं ऐकते. आजवर एकाही बाटलीनं मामांसमोर हूं की चूं केलेलं मी पाहिलं नाही. "गिऱ्हाईक असावं तर असं," मामा म्हणतात. "माप दिल्यावर जाड होत नाही, बारीक होत नाही, आणि लग्न परवावर आलंय म्हणून दारात बसत नाही, अल्लवा?"

'अल्लवा' म्हणजे 'हो की नाही'. मामांच्या दर दुसऱ्या वाक्याला ही शेपटी असते. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी मराठी मुलखातून मैसूरला आलं, विठ्ठल आणि शिवणकाम घेऊन. दोन्ही अजून शाबूत आहेत. मराठीही आहे, पण तिला कन्नडचे काठ लागलेत. मामा मराठीत वाक्य सुरू करतात, मध्येच कन्नड गल्लीत शिरतात आणि कुठून तरी पुन्हा मराठीच्या हमरस्त्याला लागतात. ऐकणाऱ्यानं फक्त सोबत चालत राहायचं.

बन्नूरच्या पुढे, उसाची आणि भाताची शेतं ओलांडली की एका उतारावर आमचा द्राक्षाचा मळा आहे. मळ्यातच वाइन तयार होते, आणि वाइन कशी होते ते बघायला, चाखायला, एखादा दिवस राहायला पाहुणे येतात. मी नाशिककडचा. आठवीनंतर शाळा सुटली आणि द्राक्षाची कात्री हातात आली, ती अजून आहे. मळ्याच्या मालकीण सुधा मॅडम यांना छाटणीची जाण असलेला माणूस हवा होता, म्हणून कुणाच्या तरी ओळखीनं मी इतक्या लांब आलो. वेलींचं काम मला येतं. पण मॅडमनी एके दिवशी सांगितलं, "पाहुण्यांना मळा तुम्हीच फिरवून दाखवायचा," आणि मी कात्री घेऊन मळ्याच्या पार टोकाला निघून गेलो. अशा सुवासिक माणसांशी मी काय बोलणार?

तेव्हा मामांनी माझं माप घेतलं. मलाही श्वास सोडायला सांगितला. चार दिवसांनी एक करडा कोट आणून माझ्या अंगावर चढवला आणि म्हणाले, "नाशिक, भिऊ नको. कोट बोलतो. तू नुसता त्याच्या मागं उभा राहा."

खरंच सांगतो, पहिले काही महिने कोटच बोलत होता. मी हळूहळू त्याच्याकडून शिकलो.

आता बाटल्यांना कपडे का, हे सांगायला हवं. मामांचं दुकान जयलक्ष्मीपुरममध्ये, विद्यापीठाच्या जवळ. तिथल्या प्राध्यापकांचे कोट मामांनी शिवले. काही प्राध्यापक तर म्हणे मामांच्या कोटाशिवाय ओळखूच यायचे नाहीत. पुढं तयार कपडे आले, प्राध्यापक टीशर्टात शिकवायला लागले आणि मामांचं दुकान डुलक्या घेऊ लागलं. अशातच एकदा बन्नूरच्या बसमध्ये मामांना एक पाहुणा दिसला. आमच्याच मळ्यातून परतत होता. मांडीवर वाइनची बाटली, वर नुसता वर्तमानपत्राचा कागद, तोही गळ्यापाशी फाटलेला. शेजारच्या बाया पदर सावरून खिडकीबाहेर बघत होत्या. कंडक्टर त्याला तिकीट देताना बाटलीकडे बघून हसला.

"मला त्या माणसाचं काही वाटलं नाही," मामा सांगतात. "मला तिचं वाटलं. इतक्या लोकांत उघडी! अब्रूचा प्रश्न आहे की नाही?"

दुसऱ्या दिवशी मामा मळ्यावर हजर. खिशात टेप, कानावर खडू. गळ्यात तुळशीची माळ असल्यामुळे आत काय भरलंय ते विचारायचं नाही, वासही घ्यायचा नाही, नावही उच्चारायचं नाही. वाइनला ते आजही 'ते' म्हणतात. 'ते' जिथं मुरत ठेवलेलं असतं त्या थंड तळघरापुढून जाताना मामा उपरण्यानं नाक झाकतात आणि तरीही तळघराला हात जोडतात. "पिकाचंच आहे ना शेवटी," म्हणतात.

त्यांनी बाटलीला पहिला कोट शिवला तो बंद गळ्याचा, जरीच्या काठाचा, जुन्या दरबारी थाटाचा. बुचावर घालायला चिमुकला मैसुरी पेटा, आपल्या फेट्यासारखा. मॅडमनी ती बाटली टेबलावर ठेवली तेव्हा सगळे जरा सावरूनच बसले, कुणी तरी वयस्क माणूस खोलीत आल्यासारखे. त्या रविवारी पाहुण्यांनी वाइन चाखली आणि सगळ्यांनी एकच विचारलं: हे कोटवाले आजोबा विकत मिळतील का?

तेव्हापासून मामा रोज बन्नूरच्या बसनं येतात. चव घेण्याच्या खोलीत एका कोपऱ्यात त्यांची खुर्ची असते. पाहुणे पेले फिरवतात, नाक आत घालतात, डोळे मिटतात. कुणाला त्यात जांभूळ सापडतं, कुणाला लाकूड, कुणाला आजोळची सुट्टी. मामांना फक्त त्यांची बटणं दिसतात. एकदा दिल्लीच्या एका साहेबांच्या बाहीचं बटण लोंबत होतं. साहेब पेला उजेडाकडे धरून त्या रंगावर बोलत होते आणि मामा खाली त्यांच्या मनगटाशी बटण टाचत होते. साहेबांना कळलं तेव्हा दोरा दातांनी तोडूनही झाला होता. कुणी विचारलं, "मामा, लाल चांगली की पांढरी?" तर मामा दोन्ही बाटल्यांकडे शिंप्याच्या नजरेनं बघतात. "लाल घ्या. तिचे खांदे चढे आहेत, तिला कॉलर शोभते. पांढरीचे खांदे पडलेत, बिचारी शाळेतल्या मास्तरासारखी दिसते." आणि पाहुणे खरंच लाल घेतात. नाही तर मास्तरांची दया येऊन पांढरी.

मामांची एक थिअरी आहे. दुपारी मळ्यावर सगळं निवांत असतं. वेलींच्या ओळीत ऊन पेंगत असतं, कुठून तरी गुऱ्हाळाचा गोड धूर येतो, लांबच्या पाटाचं पाणी ऐकू येतं न येतं. अशा वेळी मामा भिंतीला टेकून बसतात आणि काज करता करता मला ती पुन्हा एकदा सांगतात.

"लोक इथं 'ते' प्यायला येतात असं तुझ्या मॅडमला वाटतं. खोटं. 'ते' बेंगळूरात पावलापावलावर मिळतं. लोक लग्नाला येतात, नाशिक! बाटली म्हणजे नवरी. आता मला सांग, नवरी एकटी कधी येते? तिच्यामागं वऱ्हाड. वऱ्हाडामागं आचारी, गाडीवाला, फुलवाली, वाजंत्री. नवरीला कोण खातो का? पण तिच्या नावावर सगळा गाव जेवतो!"

मी मान हलवतो. पण बाहेर नजर टाकली की वऱ्हाड दिसतं खरं. मी आलो तेव्हा अंधार पडल्यावर बन्नूरहून मळ्याकडे यायला रिक्षा मिळायची नाही. आता रिक्षावालेच पाहुण्यांना नावानं ओळखतात. उसवाल्या शेतकऱ्यानं गुऱ्हाळापुढं बाकडं टाकलंय. पाहुणे तिथं गरम काकवी चाखतात आणि पाहुणीबाई गुळाची ढेप कडेवर लेकरासारखी घेऊन गाडीत बसतात. गावातल्या दोन घरांनी माडीवरची खोली रंगवून राहायला द्यायला काढली. पूर्वी माणसं मैसूरला यायची, राजवाडा बघायची, टेकडीवर जायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. आता म्हणतात, एक दिवस मळ्यावरही जाऊ. त्या एका दिवसावर आमच्यासारखी कितीतरी माणसं उभी आहेत. मला तर कधी कधी झोपेत वाटतं की तो दिवस काचेचा आहे आणि कुणाचा तरी धक्का लागेल.

आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे शिवणखोली. एकट्या मामांचे कोट पुरेनात, म्हणून मॅडमनी जुन्या गोठ्याची खोली करून तिथं शिलाई मशीनी ठेवल्या. गावातल्या बायका आल्या. चेन्नम्मा त्यांची म्होरकी. आवाज असा की मशीन बंद असली तरी चालू वाटावी. मामा कापून देतात, बायका शिवतात, पेटे चेन्नम्मा वळते. मामांनी तिच्या काजाला नावं ठेवायची आणि तिनं मामांच्या चष्म्याला, असा तो कारखाना चालतो.

"मामा, ही कॉलर वाकडी आहे की तुमचा चष्मा?"

"चष्मा वाकडा असता तर तू सरळ दिसली असतीस!"

शिवून झालेला प्रत्येक कोट शेवटी मामांकडे यायचा. ते एक छोटा पितळी डबा उघडायचे, ओल्या बोटावर हळद घ्यायचे आणि कोटाच्या खालच्या कोपऱ्याला टेकवायचे. नवं कापड हळद लावल्याशिवाय अंगावर घालायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. बाटलीलाही ती लागू होती. मग मामा ज्यानं बाटली घेतली त्याला विचारायचे, "ही कुठं जाणार?" पाहुणा म्हणायचा, कोलकाता. किंवा पुणे. किंवा विमानानं कुठं तरी फार लांब. मामा डोळे बारीक करून ते गाव मनाशी घोळवायचे. "तिथं समुद्र आहे?" असंही विचारायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाच्या चौकशा.

दसऱ्याच्या आधी शहरातल्या एका मोठ्या हॉटेलानं आमच्याकडे मोठं काम दिलं. दसऱ्यात त्यांच्या जेवणघरात टेबलाटेबलांवर आमच्या बाटल्या उभ्या राहणार, आणि प्रत्येकीला कोट हवा, शुभ्र पांढरा, सोनेरी काठाचा. मॅडमनी आम्हाला सगळ्यांना बोलावलं. पावसाळ्यात पाहुणे कमी आले होते. मॅडम स्पष्टच म्हणाल्या, "हे काम हॉटेलला आवडलं तर शिवणखोली वर्षभर चालेल आणि पाहुण्यांच्या खोल्याही. नाही आवडलं, तर मला दोन्ही बंद ठेवावं लागेल." मी घरी फोन केला आणि सगळं छान आहे म्हणून सांगितलं.

कोट झाले. पांढरे, कडक, हंसांच्या पिलांसारखे. ते गाडीत गेले, आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या साहेबांचा फोन आला. प्रत्येक कोटावर पिवळा डाग आहे.

डाग नव्हता, हळद होती. रंगीत कापडावर कधी नजरेत न भरणारं ते बोट पांढऱ्यावर सूर्यासारखं उगवलं होतं. मॅडम समजावत राहिल्या, पण तोवर साहेबांनी सगळे कोट हॉटेलच्या धुलाईत टाकले होते. साबण लागला आणि हळद झाली लालभडक. संध्याकाळी साहेबांचा पुन्हा फोन. "मॅडम, आता डाग लाल झालेत! हे वाढतंय का?"

कोटांचं गाठोडं परत आलं. चेन्नम्मानं उघडून बघितलं आणि पोट धरून हसली. "हळद पाठवली होती, कुंकू होऊन आली! काही नाही मॅडम, दोन दिवस उन्हात घाला. ऊन खातं हळदीला." साहेबांनी थोडीच मुदत दिली होती. आठवड्याअखेर कोट स्वच्छ मिळाले तर ठीक.

मी दोरी शोधायला वळलो, तेवढ्यात मामा उठले. त्यांनी गाठोडं उचललं, छातीशी धरलं.

"उन्हात नाही घालायचं," ते म्हणाले.

"मामा, अहो पण..."

"लावलेली हळद कुणी पुसतं का? नोडि, बघा, हे बरोबर नाही."

मॅडमनी समजावलं. चेन्नम्मानं समजावलं, मग झापलं. मामांनी चपला घातल्या. गाठोडं घेऊन चालत रस्त्यापर्यंत गेले आणि बन्नूरच्या बसमध्ये बसून निघून गेले. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. शिवणखोलीत मशीनी बंद. मॅडम व्हरांड्यात येरझारा घालत होत्या. म्हणाल्या, "देवभोळे आहेत. मी त्यांच्यावर ओरडू तरी कशी?" मला राहवेना. मी करडा कोट घातला आणि मैसूरची बस धरली.

जयलक्ष्मीपुरममध्ये दुपारी झाडंसुद्धा हळू आवाजात बोलतात. मामांचं दुकान अर्धं उघडं होतं. आत एका जुन्या लाकडी धडावर कुणाचा तरी न नेलेला कोट, आणि त्यामागं मामा खाटेवर बसलेले. शेजारी गाठोडं. त्यांनी कोट इस्त्री करून ठेवले होते, लाल ठिपके सगळे एका बाजूला येतील असे.

"जेवलास?" त्यांनी विचारलं.

"जेवलो."

"खोटं बोलतोस. बस." त्यांनी चित्रान्न, लिंबू पिळलेला फोडणीचा भात, आणून पुढं ठेवलं. मी खात असताना ते डब्याशी चाळा करत होते, त्याच पितळी डब्याशी.

"मामा, चेन्नम्मा म्हणते दोन उन्हांत जाईल."

"शिंप्याला शिकव आता. मला ठाऊक नाही?"

"मग?"

त्यांनी डबा उघडून माझ्यापुढं धरला. तळाशी थोडीशी हळद होती. बाजारच्यासारखी भडक नाही, जरा मवाळ, जुन्या उन्हासारखी.

"घरच्या माणसानं कुटलेली आहे. हळकुंडं आणायची, वाळवायची, कुटायची, कापडातून गाळायची. दुकानातून कापड बाहेर पडायचं तेव्हा बोट लावायचं काम तिचं. मी शिवणार, ती पाठवणार, असं होतं आमचं. गेली तेव्हा हा डबा भरलेला होता."

मी ताट बाजूला सारलं.

"सगळं जग मैसूर बघायला येतं, अल्लवा? आणि आम्ही मैसूरच्या बाहेर पडलोच नाही. दसऱ्यात गिऱ्हाईक, लग्नात गिऱ्हाईक. म्हणायचो, पुढल्या वर्षी नेतो. ती म्हणायची, असू दे, आपलं कापड तर जातं ना गावोगाव. नाव गोदा. गोदा! आणि कावेरीच्या पलीकडं पाणी बघितलं नाही तिनं." मामांनी डबा मिटला. "मग तुमच्या मळ्यात ते पाहुणे दिसले. एक बाटली दिल्लीला चालली, एक कोलकात्याला. म्हटलं, या बायका काय फिरतात! यांच्याबरोबर बोटभर तीही जाईल."

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मला त्या सगळ्या चौकशा आठवल्या. तिथं समुद्र आहे का, तिथं बर्फ पडतो का.

"मामा," मी म्हटलं, "मग कोटाच्या आतून लावा ना. दिसणारही नाही कुणाला."

मामा दुखावल्यासारखे झाले. "आतून? आत काय दिसणार तिला? अंधार!"

मी गाठोड्यातला एक कोट उचलून बाहीतून आत बघितलं. मग तेच म्हणाले, "या बाटल्या तर हॉटेलातच राहणार. टेबलावर. लोक जेवताना बघण्यात कसला आलाय प्रवास? मी कालपासून स्वतःला तेच सांगतोय. पण पुसायचं म्हटलं की हात उचलत नाही." त्यांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला. "त्या पोरींच्या मशीनी बंद पडतील, नाही का?"

"पडतील."

"तूही जाशील परत?"

"जावं लागेल, मामा."

ते उठले. "गाठोडं तू घे. मी येतो बरोबर. पण मी बघणार नाही. आणि मॅडमला यातलं काही सांगायचं नाही. बाई मऊ आहेत. रडतील, 'लावा' म्हणतील, आणि सगळ्यांचं बुडेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कोट वेलींच्या तारांवर घातले. ओळीच्या ओळी. आकाशात ढग होते, पांढरे, आळशी. ऊन यायचं, थबकायचं, पुन्हा निघायचं. वारा सुटला की ते एवढे एवढे कोट फुगायचे, बाह्या हलायच्या आणि वाटायचं, कुणी तरी फार छोटी, फार सभ्य माणसं द्राक्षाच्या ओळींतून मिरवत चाललीत. त्या दिवशीचे पाहुणे तर जागीच थांबले. त्यांना वाटलं, हाही मळा दाखवण्याचाच भाग. एक बाई हळू आवाजात मला म्हणाल्या, "किती सुंदर! हा कुठला सण?" कोटानं उत्तर दिलं, "आमच्याकडचाच आहे, बाई."

मामा तळघराच्या भिंतीला पाठ करून, शेतांकडे तोंड करून बसून होते. चेन्नम्मा मध्येच येऊन त्यांच्याजवळ ताक ठेवून गेली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण त्या दिवशी तिनं चष्म्याचं नाव काढलं नाही.

लाल ठिपके गुलाबी झाले, मग फिकट पिवळे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्रत्येक कोट उजेडाकडे धरून बघितला. काही उरलं नव्हतं.

हॉटेलला कोट आवडले. शिवणखोली वर्षभरासाठी ठरली. पाहुण्यांच्या खोल्याही भरू लागल्या. मॅडमनी मामांना शाल दिली आणि अगदी हळुवारपणे म्हणाल्या, "मामा, एवढंच करा. यापुढं कुठल्याच कोटाला हळद नको." मामा म्हणाले, "नाही लावणार."

त्यांनी शब्द पाळला. डबा पिशवीतून बाहेर निघाला नाही. कोट एकजात स्वच्छ जाऊ लागले. मामा मापं घेत, कापत, बायकांच्या काजांना नावं ठेवत. पण पाहुण्यांना काही विचारीनात. बाटली कुठं निघाली, तिथं काय आहे, काही नाही. पाहुणा आपणहून गावाचं नाव सांगायचा तरी मामा नुसतं "बरं" म्हणायचे आणि दोरा ओवायला लागायचे. वऱ्हाड येत होतं, जात होतं. थिअरीसुद्धा बंद झाली. दुपारी भिंतीला टेकून बसलेल्या मामांकडे बघितलं की मला ते स्टेशनावर कुणाला तरी पोचवून परत न फिरलेल्या माणसासारखे वाटायचे.

फळासाठीची गोडी छाटणी आटपली आणि मॅडमनी मला डिसेंबरात घरी जायला रजा दिली. मी मामांना सांगायला गेलो.

"मामा, एक कोट हवा होता. घरी न्यायला."

"तुझ्या आईला चालेल ती बाटली?"

"उंबऱ्याच्या आत नाही घेणार."

"रिकामी ने. गुऱ्हाळातली काकवी भर. आई तिच्यावर जीव टाकेल." मामांनी कापड ओढलं, खडू घेतला. मग, माझ्याकडे न बघता, "तुमच्या तिकडं बघण्यासारखं काय आहे?"

मी सांगू लागलो. डोंगर. द्राक्षाचे मळे, इथल्यापेक्षा कितीतरी. "आणि नदी आहे, मामा. गोदावरी. बसमधून उतरलो की मी आधी काठावरच जातो."

खडू थांबला. खोलीत फक्त चेन्नम्माची मशीन चालू होती, मग तीही थांबली.

"मोठी आहे?"

"आमच्याकडं फार मोठी नाही. पण पायऱ्या आहेत. बसायला छान."

"पाण्यात नको. तिला भीती वाटते. पायरीवरच ठेव."

"पायरीवर ठेवीन."

"गर्दी?"

"सकाळी लवकर नसते. पण डिसेंबर आहे, मामा. पहाटे थंडी फार. पाण्यावर वाफ दिसते."

मामांनी बराच वेळ विचार केला. मग खालच्या कप्प्यात वाकून मऊ फलालीनचा एक जुना तुकडा काढला, गालाला लावून बघितला आणि पिशवीतून पितळी डबा बाहेर काढला.

"मग अस्तर लावतो," ते म्हणाले. "रस्ताभर ती आत राहू दे. उबेला. काठावर पोचलास की कोट उलटा कर, थोडा वेळ बघू दे तिला." बोट ओलं करून ते हळदीपाशी थांबले. "पण लगेच सरळ कर हां, नाशिक. तिला सर्दी चटकन होते."